नवशीला वाचता येतं

महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं वेगळी होण्याच्या आदल्या वर्षी डहाणूकडच्या वेवजी गावात एकही भिंत कोरी राहिली नव्हती. एक मंडळी मराठीत 'डहाणू आमचं' लिहून जायची, दुसरी त्याच्याच खाली गुजरातीत 'डहाणू अमारुं'. रोज नवी घोषणा, आणि लिहून झालं की भिंतीसमोर उभं राहून तेच ओरडायची. ठकीची पाच वर्षांची नवशी ओट्यावर बसून भिंत बघायची आणि आरोळ्या ऐकायची. कोणत्या अक्षराला कोणता आवाज, हे तिने आपलं आपण जुळवलं. पावसाळा सरेपर्यंत तिला दोन्ही लिप्या वाचता येऊ लागल्या. घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण घरात वाचण्यासारखं काही नव्हतं.

एकदा देवजीशेठच्या दुकानात तिने मिठाच्या पोत्यावरचं गुजराती वाचलं. शेठ हरखले. आदिवासी पोर कोणी न शिकवता गुजराती वाचतं, म्हणजे मुलूख गुजरातचाच. बातमी डहाणूच्या एका मराठी वकीलसाहेबांच्या कानावर गेली. पुढच्या बाजाराला ते मराठी वर्तमानपत्र घेऊन दुकानात हजर. नवशीने तेही वाचलं, अडखळत, पण वाचलं.

"बघा, रक्तातच मराठी आहे," वकील म्हणाले.

"पण आधी गुजराती वाचलं तिने," शेठ म्हणाले.

वकिलांनी पोरीबरोबर आलेल्या ठकीला विचारलं, "बाई, घरात कोणती भाषा बोलता?"

"आमची."

"आमची म्हणजे?"

"वारली. ती कोन लिहीत नाय."

हे उत्तर दोघांच्याही कामाचं नव्हतं. पोरीला समोरच्याने पढवून आणलंय, असं दोघांनीही ठरवून टाकलं. नवशीला द्यायला काढलेली लिमलेटची गोळी शेठनी परत बरणीत टाकली. त्यानंतर तिला वाचायला कोणी सांगितलं नाही.

वेवजी महाराष्ट्रात आलं, भिंतींवर चुना फिरला आणि नवशी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तिने गुरुजींच्या टेबलावरचं पुस्तक उघडून धडाधड वाचायला सुरुवात केली. वर्गाचा अजून 'ग'सुद्धा झाला नव्हता. गुरुजींनी तिला उठाबशा काढायला लावल्या. मग वर्षभर ती सगळ्यांबरोबर पाटीवर अक्षरं गिरवत राहिली आणि तोंड मिटून बसायला शिकली.

परीक्षा झाल्यावर गुरुजी ठकीला म्हणाले, "पोरीला आता थोडं थोडं वाचता येतंय. फार मेहनत घ्यावी लागली मला."

ठकीने हात जोडले आणि संध्याकाळी त्यांच्या घरी कोंबडी पोचवली.