अर्धं आधीच गेलेलं असतं

हे लिहायचं नाही असंच जवळजवळ ठरलं होतं. घडलं काय, तर मी एका रविवारी दुपारभर पत्ते फेकले. खेळलो कमी, फेकले जास्त. ते कोण वाचणार? पण तेव्हापासून गॅरेजमध्ये चाक बॅलन्सिंगला लावलं की डोकं तिकडेच जातं. काल एका गिऱ्हाइकाच्या चाकाला वजन उलट्या बाजूला ठोकलं. म्हणून म्हटलं, एकदा लिहून मोकळं व्हावं.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. दर डावाला दोन माणसांना पत्ते बघायच्या आधीच चिप्स, म्हणजे पैशाच्या जागी असलेल्या चकत्या, टाकाव्या लागतात. एकाने अर्ध्या, तो स्मॉल ब्लाइंड. त्याच्या डावीकडच्याने पूर्ण, तो बिग ब्लाइंड. बाकीचे हातातले दोन पत्ते बघून ठरवतात, तेवढ्याच चिप्स भरून यायचं, वाढवायचं की पत्ते टाकून द्यायचे. ही पाळी टेबलाभोवती फिरते, कुणी सुटत नाही. त्यात स्मॉल ब्लाइंड म्हणजे सगळ्यात वाईट खुर्ची. टेबलावर सगळ्यांचे सामायिक पत्ते उघडायला लागले की प्रत्येक फेरीत आधी तुम्हालाच तोंड उघडावं लागतं. बाकीचे ऐकून घेतात आणि मग आपलं ठरवतात.

वर त्या अर्ध्या चिप्स समोर दिसत असतात. हातात धड चांगले नाहीत, धड वाईट नाहीत असे पत्ते आले की मन म्हणतं, अर्धं तर गेलंच आहे, अजून अर्धं टाक, बघू तरी. मी कायम बघायचो. स्पर्धेच्या पहिल्या तासात, जेव्हा कसलीच घाई नसते, तेव्हा मी असा बघत बघत निम्मा रिकामा व्हायचो. क्लबात मला "अर्ध्या" म्हणतात ते त्यामुळेच.

नाव ठेवलं झुरळाने. झुरळ म्हणजे माझा मित्र, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं नाव मी ठेवलं. चार चिप्स उरल्या तरी हा मरत नाही. फिट्टंफाट.

त्या रविवारच्या स्पर्धेत बक्षीस एकच होतं, क्लबच्या संघातली उरलेली जागा. मला ती हवी होती. पण झुरळाला ती हवी होती त्याला कारण होतं. कंपनीने त्याला पुढच्या महिन्यापासून रविवारची ड्यूटी लावली होती, आणि क्लब भरतो रविवारीच. साहेब म्हणाला होता, संघात निवड झाली तर तुझे रविवार मोकळे ठेवतो, नुसतं खेळायला जायचंय म्हणून नाही ठेवणार. म्हणजे जागा मिळाली तर खेळ चालू, नाही तर बंद. हे त्याने मला एकदाच सांगितलं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना, वर न बघता.

मी मात्र माझी ती खोड मोडायच्या मागे लागलो होतो. रोज संध्याकाळी ताई शिलाई मशीन बंद करायची आणि ओट्यावर मला दोन-दोन पत्ते वाटायची. तिला खेळात रस शून्य, मला पकडण्यात भरपूर.

"तू स्मॉल ब्लाइंड. पुढच्याने वाढवलंय, दोघं आलेत. नऊ-सहा."

"टाकून दिले."

"गुलाम-आठ, दोन्ही किलवर."

मी गप्प.

"थांबलास. म्हणजे मेलास."

"ताई, अर्ध्या चिप्स आधीच—"

"त्या तुझ्या राहिल्यात का आता? फाटलेल्या बाहीला नवं कापड लावून शर्ट नवा होतो का?"

गाडी रुळावर आली. स्मॉल ब्लाइंडला मधले पत्ते आले की टाकायचे. ठरलं म्हणजे ठरलं.

रविवारी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या काढून जागा ठरल्या. झुरळ आला नेमका माझ्या डावीकडे. म्हणजे मी स्मॉल ब्लाइंड असलो की बिग ब्लाइंड दर वेळी तोच.

"शेजारधर्म पाळ रे," तो खुर्ची ओढत म्हणाला.

समोर दातांच्या डॉक्टरबाई होत्या. क्लबातल्या सगळ्यात जुन्या. हसतात छान, पण ते हसणं दात काढायच्या आधीचं.

पहिल्याच फेरीत स्मॉल ब्लाइंडला मला आले गुलाम-आठ, दोन्ही किलवर. खरंच. कुणीतरी वाढवलं होतं, दोघं आले होते. मी टाकले. टेबलावर उघडले गुलाम, आठ आणि तिर्री. ठेवले असते तर दोन जोड्या. मी छताच्या पंख्याकडे बघत बसलो.

डाव संपल्यावर झुरळ माझ्याकडे झुकला. "काय टाकलंस? चेहरा बघ, गॅस चालू ठेवून आल्यासारखा."

"काही नाही."

"अर्ध्या सुधारला म्हणायचा."

मला त्याही अवस्थेत बरं वाटलं. पत्ते काहीही उघडोत, टाकायचे होते ते टाकले. पुढच्या वेळी नऊ-सात आले, तेही टाकले. हात जड झाला नाही.

मग झुरळाचा एक मोठा डाव डॉक्टरबाईंनी नेला. त्याच्याकडे सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी चिप्स राहिल्या. त्यानंतर जे झालं ते नीट सांगतो. तीन वेळा असं झालं की मी स्मॉल ब्लाइंड, आणि माझ्यापर्यंत येईतो सगळ्यांनी पत्ते टाकून दिलेले. राहिलो मी आणि झुरळ. तिन्ही वेळा मी टाकले. त्या डावांतले ब्लाइंड त्याला आयते मिळाले.

तिसऱ्या वेळी डॉक्टरबाई हसल्या. "मित्राला भेट का?"

"माझे पत्ते वाईट होते," मी म्हणालो.

"तिन्ही वेळा?"

पंच आला, त्याने दोघांना विचारलं, काही ठरलंय का. आम्ही नाही म्हणालो. "असलं काही दिसलं तर दोघांनाही उठवीन," एवढं बोलून तो गेला. माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा शिस्तीत खेळतोय आणि चोर ठरतोय.

मधल्या सुट्टीत जिन्यात मी तेच बोलत होतो. झुरळ कठड्याला टेकून ऐकत होता.

"काय काय होतं तिन्ही वेळा?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"सांग ना."

"एकदा राजा-सहा. एकदा राणी-नऊ."

"आणि?"

"एक्का-चार."

खाली कुणीतरी कपाट सरकवत होतं, त्याचा घासल्याचा आवाज येत होता.

"एक्का-चार. एका माणसासमोर. आणि टाकलेस."

"स्मॉल ब्लाइंडला मधले पत्ते टाकायचे. नियम आहे माझा."

"तो नियम चारजण अंगावर असताना. समोर एकटा असला की तेच पत्ते मधले राहत नाहीत, चांगले होतात. हे मला कोणी समजावलं? तूच. माझ्या घरी, दोन तास, माझा चहा पिऊन."

खरं होतं. मला माहीत होतं. पत्ते टाकताना मी ताईचं वाक्य आठवत होतो, पण बघत होतो त्याच्या चिप्सच्या ढिगाकडे.

"तुझे रविवार जातील," मी म्हणालो.

"जातील. माझे आहेत ना? मी मागितली होती जागा तुझ्याकडे?"

"नाही."

"बाई बरोबर बोलल्या आणि मला मान खाली घालावी लागली. त्यापेक्षा तू मला सरळ उडवलं असतंस तर हसत घरी गेलो असतो. आता मी पुढे गेलो, तरी मला कसं कळणार मी खेळून गेलो की तू ढकलून?"

मी म्हणालो, "चल, वर चल."

"येतो. पण खेळणार असशील तर."

सुट्टीनंतर माझा स्मॉल ब्लाइंड आला. एकेकाने पत्ते टाकले. डॉक्टरबाईंनीही टाकले आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसल्या. मी पत्त्यांचे कोपरे उचलले. राजा-सात, वेगवेगळ्या रंगांचे. ताईने हे वाटले असते तर मी टाकले असते, आणि ताई शाब्बास म्हणाली असती. पण ताई कायम चारजण अंगावर घालायची. इथे एकच होता.

मी वाढवलं. बिग ब्लाइंडच्या तिप्पट.

झुरळाने पत्ते बघितले, माझ्याकडे बघितलं आणि आला.

टेबलावर उघडले राजा, सात, दुर्री. पहिलं बोलायचं मला. मी चिप्स सरकवल्या. तो आला. पुढचा पत्ता चौकट चौकी. पुन्हा आधी मीच. हात थांबला, खोटं बोलत नाही. इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं हळूहळू विझलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. पंचाला नाही, बाईंना नाही. झुरळाला मात्र कळलं असतं.

मी पुन्हा चिप्स सरकवल्या, आधीपेक्षा जास्त.

त्याने विचार केला. मग उरलेलं सगळं दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

"आलो," मी म्हणालो. लगेच. त्याला थांबवून ठेवलं असतं तर तीही दयाच झाली असती.

त्याने पत्ते उलटले. राजा-राणी. माझे बघितले आणि भुवया वर गेल्या. "सात घेऊन वाढवलंस?"

"तू एकटाच होतास."

शेवटचा पत्ता नव्वी. माझ्या दोन जोड्या, त्याची राजाची एकच. झुरळ मेलं. तो उठला, टेबलावरच्या प्रत्येकाशी हात मिळवला, माझ्याशी सगळ्यात शेवटी. हात कोरडा आणि घट्ट. डॉक्टरबाई आता हसत नव्हत्या. त्यांनी मला मान हलवून काहीतरी दिलं, काय ते नीट सांगता येत नाही, पण मी घेतलं.

तो घरी गेला नाही. भिंतीपाशी स्टूल घेऊन बसला. मी शेवटच्या चारांत पोहोचलो आणि तिथे बाईंनी माझा दात काढला. संघातली जागा त्यांनाच मिळाली, आणि ती त्यांचीच होती. मी स्वतःवर चिडलो होतो, पण गेल्या स्पर्धेसारखा नाही. तेव्हा कुठे चुकलो तेच कळत नव्हतं. आता दोन जागा बोटाने दाखवू शकतो, आणि दोन्ही दुरुस्त करता येतात.

खाली रस्त्यावर आलो. झुरळ हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

"पुढचा रविवार शेवटचा," तो म्हणाला. "मग ड्यूटी."

"सुट्टी कधी आहे तुझी?"

"बुधवार. का?"

"गॅरेज दहाला उघडतं. मी सातला तुझ्याकडे येतो, पत्ते घेऊन. दोघंच. दर डावात एक जण स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग, आलटून पालटून."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

"आणि मी हरत असलो तर? साहेबाने झापलेलं असलं, बायको रुसलेली असली तर?"

"तरी वाढवणार. एकही ब्लाइंड आयता सोडणार नाही. शब्द आहे माझा."

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "साडेसहाला ये," तो आतून म्हणाला.

"साडेसहाला येतो."