झोपेला भिंग लावू नये

मुलगी आठ महिन्यांची. दुपारी झोपली तर चाळीस मिनिटं, नाहीतर नाहीच. तेवढ्यात मला त्याच अंधारलेल्या खोलीत, पाळण्याकडे पाठ करून, लॅपटॉपसमोर बसून कॉलेजच्या मुलाखतीचा पाठ उरकायचा होता. विषय, अतिसूक्ष्म पातळीवर भौतिकशास्त्राचे नियम का कोलमडतात. ही नोकरी हुकली तर पुढची जागा कधी निघेल, देव जाणे.

नवऱ्याला बजावलं होतं, "ती झोपलीय का, ते दारातूनच बघायचं. आत यायचं नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाळ नाही, घड्याळजी आहे. लांबून बघून त्याचं समाधान होत नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाई पडद्यावर आल्या. मी सुरुवात केली. "मोठ्या गोष्टींचा सिद्धांत म्हणतो, अवकाश ताणलेल्या चादरीसारखं. वजनानं खोलगट होईल, पण चुरगळणार नाही. छोट्यांचा म्हणतो, इथे कुणी स्वस्थ पडत नाही, अखंड चुळबुळ. आपापल्या घरी दोघेही शहाणे. पण अगदी इवल्याशा जागेत एकत्र नांदवले, की गणिताचं उत्तर अनंत येतं."

"मग नीट जवळून बघायचं ना, तिथे काय चाललंय ते," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, माझ्याच चौकटीत, मागे नवरा दिसला. दारात. मग पाळण्यापाशी. मग डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून वाकलेला. ओरडावं तर मुलगी उठणार. मी बोलत राहिले. भिंगातून अंधारात काही दिसेना, म्हणून त्यानं कामाचा दिवा आणला आणि लावला.

पुढचं शेजाऱ्यांनीही ऐकलं.

मी तिला मांडीवर घेतलं. गालावर उशीची घडी उमटलेली, डोकं घामानं चिंब, हुंदका अर्ध्यात अडकलेला. म्हटलं, गेली नोकरी, तर निदान खरं ते बोलून जावी.

"मॅडम, उत्तर हेच. जितकं बारीक बघायचं, तितका जबरदस्त प्रकाश लागतो. इथे मुलगी उठली. तिथे एवढीशी जागा एवढी ऊर्जा सोसत नाही, स्वतःतच कोसळते. कृष्णविवर होतं आणि आपला दिवाही गिळून बसतं. बघायला गेलो, ते बघण्यानंच झाकलं गेलं."

"त्याच्या आत काय?"

"माहीत नाही. आपले सिद्धांत मोठ्या मापाचे शिवलेत. तिथे ते अंगावर राहत नाहीत."

बाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, पण ती झोपली होती का?"

"गाढ," तो म्हणाला. "मी खात्री करून घेतली."

बाईंनी हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. "सोमवारी या," मला म्हणाल्या. "मुलीला कोण सांभाळेल?"

"मी आहे की," नवरा म्हणाला.

त्याच्या कपाळावर चढवलेल्या भिंगाकडे बाई जरा वेळ बघत राहिल्या.

"कॉलेजात पाळणाघर आहे," त्या म्हणाल्या. "तिलाही घेऊन या."