हार बाहेर ठेवून

बराकपूर स्टेशनाबाहेर श्यामसुंदररावांनी टपोऱ्या निशिगंधाचा हार घेतला आणि केळीच्या पानात बांधलेला तो पुडा मांडीवर धरून ते कोलकात्याला जायला सियालदाच्या गाडीत बसले. कालिंदीला जाऊन आज वर्ष झालं होतं.

कालिंदी हॉस्पिटलात नर्स होती. एका पेशंटचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत हे पाहणं, एवढंच तिचं काम. पण त्यापायी तिने मोठमोठ्या डॉक्टरांच्या बोटांतल्या अंगठ्या उतरवल्या होत्या. स्वतःचा लग्नातला हिरवा चुडासुद्धा जेमतेम रजा संपेपर्यंत टिकला. श्यामसुंदरराव हौसेने गजरा आणत. ती मन भरून वास घ्यायची, तो देवापुढे ठेवायची आणि म्हणायची, "रिटायर झाले की रोज माळीन." रिटायर व्हायच्या आतच ती गेली. आयसीयूत हात धुण्याच्या बेसिनवर तिचा फोटो लावलाय, असं तिथल्या मोठ्या सिस्टर अपर्णादींनी कळवलं, तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: तिथे जाऊन तिला एकदा तरी फुलं घालायची. आता ती थोडीच नाही म्हणणार होती!

आयसीयूच्या दारात एका तरुण नर्सने त्यांना अडवलं. फुलं आत नेता येत नाहीत म्हणाली. श्यामसुंदररावांनी बंगालीत समजावलं, की बेसिनवरचा तो फोटो माझ्या बायकोचा आहे. मुलगी गडबडली, वाकून पाया पडली. पण दारातून हलली नाही.

"जामाईबाबू," थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला म्हणावं तसं ती म्हणाली, "फुलांतून जंतू येतात, हे कालिंदीदींनीच शिकवलंय. मी हार आत जाऊ दिला तर त्या रागावतील."

बोलणं ऐकून अपर्णादी बाहेर आल्या. वर्षश्राद्धाचा दिवस, बिचारे एवढ्या लांबून आलेत, एका हाराने काय होतंय, असं म्हणत त्यांनी दार उघडून धरलं. मुलीची मान खाली गेली.

श्यामसुंदररावांचा पाय उंबऱ्यापाशी अडला. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. कुणा बड्या माणसासाठी नियम वाकवला गेला, की कालिंदी असाच चेहरा घेऊन घरी यायची आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

"ही म्हणते तेच बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी पुडा बाहेरच्या बाकावर ठेवला आणि ते हात धुवायला आत गेले. अंगठे राहिले, असं मुलीने मागून सांगितलं. त्यांनी निमूटपणे पुन्हा साबण घेतला.

मग मान वर केली. फोटोत कालिंदीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, हात मोकळे. घरातल्या फोटोला चंदनाचा हार होता. तो पाहिला की ती गेलीय हे पटायचं. इथे ती नुसती ड्यूटीवर होती.

हात वाळेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले. मग रोज सकाळी दारात विचारायचे, तसं त्यांनी हलकेच विचारलं,

"आज यायला उशीर होईल का गं?"