खंडेनवमीचा आसूड

नीलांबरीचे सासरे लग्नापासून तिच्या एकाही पूजेला जिना उतरून खाली आले नव्हते. हॅनोव्हरच्या त्या घरात वरचा मजला त्यांचा, खालचा हिचा. घरात सगळे त्यांना ओपा म्हणत, म्हणजे आजोबा. नवरा माटियास दोन्ही डगरींवर पाय ठेवून सुखात होता. त्यामुळे यंदा खंडेनवमीला ओपा आपणहून खाली आले, तेव्हा काय करू नि काय नको असं तिला झालं. पाटावर विळी, लॅपटॉप, ड्रिल नि गाडीची किल्ली मांडून ती हळदकुंकू लावत होती.

"आज कामाच्या अवजारांची पूजा ना? अनन्या सांगत होती," ओपा जर्मनमध्ये म्हणाले. "मग हेही ठेव. माझ्या आजोबांचं. आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये कोकोच्या मळ्यावर मुकादम होते ते."

फडक्यातून निघाला एक आसूड, काळपट आणि कडक. माटियास दारातच थबकला, मग कॉफीची भांडी काढायला वळला. मळा म्हटला की बैल आलेच, असा सरळ हिशेब नीलांबरीने केला. आसूड पाटावर मधोमध ठेवून तिने हळदकुंकू वाहिलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं.

"नमस्कार कर, बाळा. ह्यांच्यामुळे आपलं पोट भरतं."

आठ वर्षांच्या लेकीने, अनन्याने, डोकं टेकवलं. ओपांचे डोळे भरून आले.

दुपारी कॉफीबरोबर शिरा झाला. अनन्याने विचारलं, "ओपा, मळ्यावर बैल किती होते?"

ओपा हसले. "बैल? तिकडे एक माशी असते, ती चावली की गुरं जगत नाहीत. ओझी माणसंच वाहायची. हे पाणघोड्याचं कातडं माणसांसाठीच. पळाला, की पंचवीस. पुन्हा पळाला, पुन्हा पंचवीस."

आवाजात बढाई नव्हती, लाजही नव्हती. उद्या पाऊस आहे म्हणावं, तसं सांगत होते.

नीलांबरीने हातातली बशी खाली ठेवली. ज्याने माणसांच्या पाठी सोलल्या, त्याच्यापुढे तिने आपल्या हाताने पोरीला वाकवलं होतं. संताप आला तो आधी स्वतःचाच. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीतला शिरा उकरत होता.

"तुला माहीत होतं?"

"हो... लहानपणी भिंतीवरच असायचं ते. पापा एवढ्या वर्षांनी खाली आले, म्हटलं कशाला मोडता घाला."

तेवढ्यात मागे सूं असा आवाज आला. अनन्याने पाटावरून आसूड उचलला होता.

"अंगठा वर," ओपा शिकवत होते. "मनगट सैल सोड. गेनाऊ, अस्संच!"

पुन्हा आवाज आला. पोरीला जमू लागलं होतं, आणि जमतंय म्हणून ती खुलली होती.

"अनन्या, खाली ठेव ते! माणसं मारलीयत त्याने, माणसं!"

नीलांबरीला वाटलं, आता ती दचकून टाकून देईल, रडत कुशीत येईल. अनन्याने टाकला नाही. उलट डोळ्यांजवळ नेऊन टोकापर्यंत नीट पाहिला. आईने घ्यायला हात पुढे केला, तशी ती मागे सरकली, थेट ओपांच्या खुर्चीला जाऊन टेकली.

"ओपा," तिने जर्मनमध्ये विचारलं, "कितव्या फटक्याला माणूस ओरडायचं थांबतो?"

"ते माणसावर असतं," ओपा म्हणाले, आणि नीट समजावून सांगता यावं म्हणून त्यांनी तिला मांडीवर घेतलं.