सिप्रियानोला न्यायला

वाटेत नुरियाने दोनदा गाडी थांबवली. एका गावाची जुनी तटबंदी बघण्यासारखी होती, दुसऱ्यात येणाऱ्याजाणाऱ्याला वाइन चाखायला देत होते. एनकार्ना दोन्हीकडे गाडीतच बसून राहिली.

"आई, एवढ्या लांब आलोय तर जरा पाय तरी मोकळे कर."

"मी फिरायला आलेली नाही," एनकार्ना म्हणाली. मांडीवरची पत्र्याची पेटी तिने खाली ठेवली नव्हती.

त्या पेटीतून तिला थोरल्या भावाच्या, सिप्रियानोच्या अस्थी घरी, आईच्या कबरीत न्यायच्या होत्या. तरुणपणी दोघं भावंडं दर सप्टेंबरात स्पेनहून सरहद्दीपलीकडच्या डोंगरातल्या या सेंत-अलारी गावी द्राक्षतोडणीला येत, कासानांच्या मळ्यावर. शेवटच्या वर्षी मालक मार्सलाँ कासान द्राक्षांचा चोथा उपसायला वाइन आंबवायच्या खोल कुंडात उतरला आणि आत कोंडलेल्या वायूने कोसळला. त्याला काढायला सिप्रियानो शिडीवरून खाली गेला. दोघंही वर आले ते मेलेलेच. एनकार्ना तापाने फणफणली होती. मुकादमाने दुसऱ्याच दिवशी तिला आगगाडीत बसवून दिलं. भावावर माती टाकणंही तिच्या नशिबी आलं नाही. "माझ्या पोराला त्यांनी कुठेतरी कडेला गाडलं असणार," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. पुढे लग्न, मुलंबाळं, आणि खरं तर आईचं म्हणणं खरं निघण्याची भीती, यात इथे येणं राहूनच गेलं. यंदा नुरियाने फोन करून करून गावच्या कचेरीतून परवानगी मिळवली. जागा मार्सलाँची विधवा, कासानबाई दाखवतील, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

कासानबाई स्मशानाच्या फाटकाशी काठी टेकून उभ्या होत्या. पार वाकल्या होत्या.

"एनकार्ना ना तू? केवढे काळेभोर केस होते गं तुझे!"

"तुमचेही होते, मादाम."

"माझे कसले? मी रंगवायचे."

एनकार्ना आपसूक भिंतीकडे वळली. बेवारशांना तिकडेच पुरत.

"तिकडे कुठे निघालीस?" बाई काठी आपटत सरळ पुढे गेल्या आणि सरूच्या झाडाखाली, कासानांच्या घराण्याच्या कबरीपाशी थांबल्या. दगडावर मार्सलाँचं नाव होतं. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, सिप्रियानो मार्तोस.

एनकार्नाने ते वाचलं. मग हाताने चाचपून पाहिलं.

"यांच्या शेजारची जागा माझी होती," बाई म्हणाल्या. "ती याला दिली. सासूबाईंनी बोलणं टाकलं माझ्याशी. स्पेनचा मजूर, आणि आमच्या घराण्यात! मी म्हटलं, तुमच्या लेकासाठी आत उतरला तो हा एकटाच. बाकी अख्खं घराणं वर उभं राहून ओरडत होतं."

एनकार्ना कबरीच्या काठावर बसली. नुरिया काही बोलू गेली, तशी तिने हातानेच तिला थांबवलं. मग म्हणाली, "राहू दे त्याला इथेच."

"आणि तुझी आई?"

"ती गेली, मादाम. त्याला कडेला गाडलं असंच समजत गेली. तिला सांगायचं राहून गेलं."

"मग तोच सांगेल. ने त्याला."

"तुम्हाला चालेल?"

"मुळीच नाही चालणार," बाई म्हणाल्या. "रोज येऊन दोघांशी बोलते मी. मार्सलाँ जिवंत असतानाही माझं ऐकायचा नाही. हा पोरगा निदान ऐकून घेतो. पण आईच्या पुढे माझं काय चालणार? ने."

दुपारी गवंड्याने दगड सरकवला. फारसं काही उरलं नव्हतं. बाईंनी गळ्यातला लोकरीचा रुमाल सोडून पेटीत अंथरला. "पत्रा गार लागतो," त्या पुटपुटल्या. एकेक हाड एनकार्नाने स्वतःच्या हाताने त्यावर ठेवलं.

"आता हे नाव घासून काढू ना?" गवंड्याने विचारलं.

"हात लावून बघ!" बाई कडाडल्या. "जागा माझी, नाव त्याचं."

"अहो, पण मग तुमचं नाव कुठे घालायचं?"

"वर एवढा दगड मोकळा आहे, दिसत नाही?"

एनकार्ना पेटी छातीशी धरून उभी होती. गेल्या कित्येक वर्षांत, आईच्या मातीलासुद्धा, ती रडली नव्हती. आता तिला रडू आवरेना. कासानबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि खालच्या मळ्यातून तोडणीवाल्यांच्या हाका येत राहिल्या.