आत्याच्या नावावरची बिलं

तुळसी बोगादी भागातल्या घरी बसून कंपन्यांच्या जाहिरातींचा कन्नड मजकूर लिहायची. नोकरी नव्हती. काम झालं की बिल पाठवायचं, कंपनी दहा टक्के कापून उरलेले पैसे खात्यात टाकायची. कापले म्हणजे कर भरून झाला, असं ती धरून चालली होती. काम वाढलं तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं, "एवढ्या कमाईवर आणखी कर लागेल. अर्धी बिलं घरातल्या कुणाच्या तरी नावावर काढ. कमाई विभागली की दोघांनाही कर लागणार नाही."

घरात होती फक्त अंबूताई, तुळसीची विधवा आत्या. साड्यांना फॉल लावून तिनेच तुळसीला लहानाचं मोठं केलं होतं. तुळसीने तिचं पॅनकार्ड काढलं, बँकेत खातं उघडलं.

"इथं सही कर, आत्या. सुम्ने, उगीच आपली कागदापुरती."

आत्याने चष्मा शोधायचाही त्रास घेतला नाही.

दोन वर्षांनी एकदा रेशन दुकानाच्या नागराजने तुळसीला रस्त्यात थांबवलं. "तुमच्या आत्या दर महिन्याला येऊन रांगेत उभ्या राहतात. मला बघवत नाही. त्यांचं कार्ड रद्द झालंय, हे मी चारदा सांगितलं."

घरी येऊन तिने विचारलं. आत्या सुईत दोरा ओवत होती.

"विधवांचं पेन्शन पण थांबलंय," आत्या म्हणाली. "ऑफिसातली बाई म्हणते, तुमच्या नावावर कंपनीचं उत्पन्न दिसतंय. मी म्हटलं, दुसरी कुणी अंबूबाई असेल बघा. मी फॉल लावणारी, माझी कसली कंपनी? पाच वेळा जाऊन आले. शेवटी रांगेतले लोक हसायला लागले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू कामात असतेस. तुला कशाला त्रास?"

त्या दुपारी तुळसीने आत्याच्या नावावरची सगळी बिलं काढून एकत्र लावली.

दुसऱ्या दिवशी ती कराचं काम बघणाऱ्या अनंतकृष्ण नावाच्या ऑडिटरकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पैसा कुठल्या खात्यात गेला ते बघत नाहीत," ते म्हणाले. "काम कुणी केलं, ते बघतात. कमाई तुमची, तेव्हा कर तुमचा. कंपनीने कापला तो नुसता आगाऊ भाग. वर्षाचा हिशेब मांडून उरलेला तुम्हीच भरायचा असतो. खर्च वजा होतो, सवलती आहेत. नीट भरला असता तर फार पडलाही नसता."

"आता?"

"दोन वर्षांचा कर व्याजदंडासकट भरा. अर्धी बिलं खोटी, आत्यांच्या नावावर काढलेली होती, हे कंपनीला लिहून कळवा. काम कदाचित जाईल. आणि आत्यांना सांगा."

शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. तुळसी आत्याच्या समोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आत्याने हातातली सुई थांबवली. मग म्हणाली, "म्हणजे ती अंबूबाई मीच होते अल्वा? हो ना?"

तुळसी रडायला लागली. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. सुई पिनकुशनमध्ये खोचून ती आत निघून गेली.

तुळसीने कंपनीला पत्र लिहिलं. काम गेलं. कर भरला. मग कागद घेऊन दोघी पेन्शनच्या ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या बाईने विचारलं, "आता कशाला आलात, अज्जी?"

"चूक झाली," आत्या म्हणाली. "सही माझीच होती."

मागे रांग होती. तुळसी पुढे झाली. "सही त्यांची, पण फसवलं मी," ती मोठ्याने म्हणाली. "कमाई माझी होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं."

या वेळी कुणी हसलं नाही.

पेन्शन सात महिन्यांनी सुरू झालं. रेशनकार्ड काही परत मिळालं नाही. तांदूळ तुळसी विकत आणते. आत्या तो निवडते, शिजवते, तिला वाढते, आणि पूर्वीसारखंच विचारते, "पोट भरलं का?" त्या प्रश्नाला उत्तर देताना तुळसीला अजून तिच्याकडे बघता येत नाही.