मखमलीखालची दांडी

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या दोनशे दहा होत्या आणि रिकामी एकही नव्हती. भिंतीला टेकून उभे असलेले साठ-सत्तर. चाकाच्या खुर्च्या नऊ, कुबड्यांच्या जोड्या चौदा, ऑक्सिजनचं नळकांडं एक. फिजिओथेरपिस्टही एकच. तो शेवटच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता आणि हे सगळं मोजत होता. मोजताना कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

त्याला घरीदारी सगळे दादाच म्हणत. सकाळी दवाखान्याच्या दारावर 'बाहेरगावी' अशी पाटी अडकवून तो दोन गल्ल्या पलीकडच्या या हॉलमध्ये येऊन बसला होता. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याची धाकटी बहीण. डोळ्यांवर काळा चष्मा, कानात कापसाचे बोळे, मान उशीला टेकलेली. चार वर्षांपूर्वी ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मग एक साधा ताप आला आणि जाताना तिचं सगळं त्राण घेऊन गेला. आता नुसते केस धुतले तरी ती पुढे दोन दिवस अंथरुणाला खिळायची. तपासण्या झाल्या, डॉक्टरीणबाईंनी आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं नाव दिलं, आणि यावर पूर्ण बरं करणारं औषध आज तरी नाही, हेही सरळ सांगितलं.

मावशीला हा सरळपणा मुळीच रुचला नव्हता. "औषध नाही हे सांगायची फी घेतली बाईनं!" असं म्हणत तिनंच इथं नाव नोंदवलं होतं. आणि दादानं नाही म्हटलं नव्हतं.

स्टेजवर ऊर्जागुरू रंगात आले होते. "मित्रहो, तुमच्या पेशीपेशीत बॅटरी आहे! ती मेलेली नाही, उलटी बसलीय. आम्ही तिचं तोंड फिरवतो. डॉक्टर मात्र तुम्हाला बघून स्वतःचंच तोंड फिरवतो!"

हॉल हसला. मावशी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

बहिणीचं नाव पुकारलं गेलं. चेल्यानं तिला खुर्चीसकट स्टेजवर चढवलं आणि चांदीच्या तबकातून 'प्राणमापक' आणलं. जांभळ्या मखमलीच्या आवरणातून एक तबकडी तेवढी बाहेर डोकावत होती, आणि तिच्यावरचा काटा मोठ्या पडद्यावर दिसत होता. बहिणीनं मखमलीत हात घालून मूठ आवळली.

"नऊ किलो," गुरू कळवळून म्हणाले. "अरेरे! मांजराचं पिल्लू याहून घट्ट धरतं."

यंत्र शुद्धीसाठी पडद्यामागे गेलं. गुरूंनी तिच्या डोक्याभोवती हात फिरवले, डोळे पांढरे केले, पुटपुटले. यंत्र परत आलं. तिनं पुन्हा मूठ आवळली.

"पंधरा!"

हॉल उठून उभा राहिला. "ऊठ, लेकी! चाल!" गुरू गरजले, आणि ती उठली. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली. मावशी धाय मोकलून रडत होती. पकड मोजायचं तसलंच एक यंत्र दादाच्या दवाखान्याच्या खणात होतं, रोज त्याच्या हाताखालून जायचं. आवरण कशाला, यंत्र पडद्यामागे कशाला, एवढं तरी त्याला सुचायला हवं होतं. तो टाळ्या वाजवत होता.

तिसऱ्या दिवशी तिला कूस बदलता येईना. खिडक्यांना जाड पडदे लावले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, तरी कप ठेवल्याचा आवाज तिला सहन होत नव्हता. दादा चमच्यानं पाणी पाजत होता. मावशी दारात उभी राहून कुजबुजली, "कुणाला बोलू नकोस रे. तिच्याच मनात किंतु आला असणार. गुरू म्हणाले होते ना, शंका आली की ऊर्जा गळते."

"आता काय म्हणतायत ते?"

"निवासी शिबिर. महिनाभर. रोज पहाटे चालायचं, औषधं बंद, पडून राहणं बंद. रविवारी हॉलवरूनच गाडी निघणार आहे."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं याच्या नेमकं उलट होतं. अंगात जेवढी ताकद असेल, तिच्या आतच राहायचं, थकायच्या आधी थांबायचं, झोपेसाठी आणि दुखण्यासाठी औषधं घ्यायची आणि वाट बघायची. वाट किती बघायची, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"आकडा तर वाढला होता, मावशी," दादा म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिला. पाठवूया का?"

पलंगाच्या कडेवर बोटानं टकटक झाली. दादा खाली वाकला. बहिणीचे ओठ हलत होते.

"तुझं यंत्र आण."

त्यानं आणलं. तिनं डोळे न उघडताच दांडीवरून बोट फिरवलं. "पहिल्यांदा ही लांब होती. बोटं पुरत नव्हती. दुसऱ्यांदा... जवळ."

दादाचे कान तापले. पकड मोजायच्या यंत्राची दांडी पाच खाचांमध्ये सरकते. लहान हाताला जवळची खाच, मोठ्याला लांबची. हे तो शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत असे.

"मावशी, इकडे स्वयंपाकघरात ये. दाब हे."

"मला काय झालंय?"

"दाब तर खरं."

शेवटच्या खाचेत दांडी असताना मावशीचा आकडा चौदा आला. दादानं दांडी दुसऱ्या खाचेत आणली. तेवीस.

मावशी काट्याकडे बघत राहिली. "मेल्यानं माझ्यावर हातसुद्धा फिरवला नाही, आणि नऊ किलो वाढले?" मग तिचा चेहरा पडला. "आणि मी या पोरीला म्हटलं, तुझ्या मनात किंतु आला म्हणून."

"पडद्यामागे नेऊन दांडीची खाच बदलली, एवढाच तो चमत्कार," दादा म्हणाला. आपल्या आवाजातला विजय त्याला स्वतःलाच ऐकू आला. तो खोलीत परतला. "सापडलं! भामटा आहे तो."

बहीण हसली नाही. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी ती बोलली. "तूही तेच केलंस, दादा."

"मी? मी कधी दांडी सरकवली?"

"तुझा व्यायाम. रोज थोडा जास्त. ज्या दिवशी मी दवाखान्यात येऊ शकायचे, त्याच दिवशी तू मोजायचास. ज्या दिवशी येऊ शकत नव्हते..." ती थांबली, श्वास घेतला. "त्या दिवशी तू फोनवर म्हणायचास, जरा मनावर घे."

त्यानं यंत्र खाली ठेवलं आणि तो पलंगाशेजारी जमिनीवर बसला.

रविवारी हॉल पुन्हा भरला. गुरूंनी एका म्हाताऱ्याच्या हातात मखमल दिली तेवढ्यात मावशी पहिल्या रांगेतून उठली. "ओ गुरुजी! ते झबलं काढा की जरा. यंत्राला काय थंडी वाजतीय?"

"माताजी, श्रद्धेनं झाकलेलं उघडू नये."

"मग उघडं यंत्र आमच्याकडे आहे. दादा, ये रे वर."

दादा वर गेला. टोपी त्यानं खुर्चीवरच ठेवली होती. त्यानं आपलं यंत्र सगळ्यांना दिसेल असं धरलं, पाच खाचा दाखवल्या, आणि म्हाताऱ्याला आधी लांबची मग जवळची दांडी दाबायला लावली. अकरा. अठरा. ना मंत्र, ना पडदा. गुरूंचा चेला स्वतःचं तबक उचलून पडद्याकडे निघाला, पण म्हाताऱ्यानंच त्याची बाही धरली. "थांब की लेका. अठरा किलोनं धरलंय." मखमल निघाली. आत तसंच यंत्र होतं, दांडी शेवटच्या खाचेत.

लोक हसायला लागले. गुरू ओरडले, "नास्तिकाच्या हातात आकडे खोटे बोलतात!" पण मागच्या रांगेतून एक मेकॅनिक उठला. हात अजून तेलकट. तो दादाला म्हणाला, "आकड्याचं राहू द्या, साहेब. थकव्याच्या आजारानं पडून असलेली माझी बायको इथं चालली. माझ्या डोळ्यांसमोर. दांडी सरकवून पाय चालतात का?"

गुरूंनी जिंकल्यासारखे हात उंचावले. दादानं विचारलं, "तिसऱ्या दिवशी कशा होत्या?"

मेकॅनिक खाली बघू लागला. "तिची श्रद्धा कमी पडली," तो पुटपुटला. "आम्ही कुणाला सांगितलं नाही."

"आम्हीही नाही सांगितलं," दादा म्हणाला. "या आजारात गर्दी, आशा, जोश यांच्या बळावर माणूस दोन-चार मिनिटं उठतो, चालतो. ते चालणं खरंच असतं. पण त्याची वसुली एक-दोन दिवसांनी होते, घरात, बंद खोलीत. तोवर गुरूंचा कार्यक्रम आटोपलेला असतो, आणि आपण लाजेपायी दार लावून बसतो. आणखी कुणाच्या घरी तिसऱ्या दिवशी असं झालं?"

आधी एक हात वर झाला. मग चाकाच्या खुर्चीतला एक. मग भिंतीजवळचे. वर करणारा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता, आणि शेजाऱ्याचाही हात वर होता.

गुरू मागच्या दारानं निघाले तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"माझ्याकडे यावर रामबाण नाही," दादा पुढे म्हणाला. "उलट मीही माझ्या बहिणीला दोन वर्षं बळंच व्यायाम करायला लावला. ती आली की मोजलं, आली नाही की तिला आळशी ठरवलं. मी शिकलेला आहे, तरी. म्हणून हात जोडून सांगतो. कुणीही, मी असो, डॉक्टर असो, की गुरू असो, बरं केल्याचा दावा केला, तर लगेच टाळ्या वाजवू नका. तिसऱ्या दिवशी त्या घरी जा. आजाऱ्यालाच विचारा, आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा."

शिबिराची गाडी रिकामी गेली. घरी डॉक्टरीणबाईंचा सल्ला पाळायचं ठरलं. दिवसात काय करायचं आणि कुठं थांबायचं हे बहीण ठरवणार, आणि दादा ऐकणार. मावशीनं खोलीबाहेर चपला काढून यायची सवय लावून घेतली.

चार महिन्यांनी बहिणीनं पलंगावरच बसून, मावशीच्या हातून केस धुऊन घेतले. पूर्वी एवढ्यानंच ती दोन दिवस अंथरुणाला खिळायची, म्हणून दादानं तिच्या पलंगाशी येऊन, दांडी दुसऱ्या खाचेत ठेवून तिची पकड दोनदा मोजली.

त्याच दिवशी, हॉलमधल्या जोशाशिवाय: दहा किलो.

तिसऱ्या दिवशी: साडेनऊ किलो.